दुसरी सही

सिंगापुरातल्या पुंगोलचा फ्लॅट बघायला काकांनी दोन तास पंचवीस मिनिटं घेतली. घर पाच मिनिटांत बघून होईल एवढंच. खिडकीतून पाणी दिसतंय म्हणून माझा नवरा खूश, रिकाम्या खोलीत आवाज घुमतोय म्हणून लेक खूश, आणि काका जमिनीवर उकिडवे बसून एका नाण्यानं एकेक फरशी ठोकत पुढे सरकताहेत. एखादी फरशी वेगळी वाजली की तिच्यावर पेन्सिलनं बारीकशी फुली. एजंटबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तुमचे अंकल काय शोधतायत, घर तर छान आहे. मी म्हटलं, करू दे त्यांना, मधे थांबवलंत तर पुन्हा पहिल्या फरशीपासून सुरू करतील. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

सात फरशा पोकळ निघाल्या. फ्लॅट आम्ही घेतलाच, पण त्या सात फरशा कुठे आहेत ते मला आजही झोपेतून उठवून विचारा.

काका माझे सख्खे कोणी नव्हेत. जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये ते इन्स्पेक्शन विभागाचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली आलेली नवी इंजिनिअर. इथे ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारणं माझ्या पुणेरी जिभेला काही झेपेना. पहिला आठवडाभर मी त्यांना हाकच मारली नाही. काम असलं की टेबलासमोर जाऊन उभी राहायची. शेवटी त्यांनीच विचारलं, घसा बसलाय का तुझा? तेव्हापासून काका. प्लांटमधले चिनी, मलाय आणि तमिळ टेक्निशियन त्यांना टॉर्च अंकल म्हणत, आणि तेही त्यांना चालायचं.

कारण टॉर्च त्यांच्या खिशात कायम असायचा. पेनाएवढा टॉर्च, एक भिंग, आणि घडी घातलेलं पांढरं मलमलचं फडकं. ते फडकं दर रविवारी काकू उकळून, वाळवून, इस्त्री करून द्यायच्या. काका ते बोटाला गुंडाळून पंपाच्या खालून, पाइपच्या मागून, जिथे माणूस वाकून बघत नाही तिथून फिरवायचे आणि मग उजेडात धरायचे. फडक्यावर काय आलं त्यावरून ते सांगायचे, तेल कुठून झिरपतंय. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी म्हणालं की बघितलं, सगळं ठीक आहे, की काका म्हणायचे, "डोळ्यांनी सांगू नकोस, हातानं सांग." म्हणजे हात लावून आलास का, ते सांग.

सकाळच्या कंपनी बसमध्ये चढले की आधी ते आपत्कालीन खिडकीशेजारचा छोटा हातोडा जागेवर आहे का ते चाचपून बघायचे, मग बसायचे. रोज. लोक हसायचे, मीही हसायचे. एकदा काका तापानं फणफणून घरी राहिले. त्या दिवशी ड्रायव्हर आपली सीट सोडून मागे आला, हातोडा हलवून बघितला आणि गुपचूप परत जाऊन बसला.

काकू सांगायच्या की हे मुळातलंच आहे, नोकरीनं लागलेलं नाही. त्यांना बघायला काका सांगलीला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, सगळ्यांचं लक्ष काकांकडे आणि काकांचं लक्ष दारावरच्या मेन स्विचकडे. काकूंच्या वडिलांनी निघताना आडून आडून विचारलं, तर म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण तो स्विच आधी बदलून घ्या. काकू म्हणायच्या, मला बघितलं की नाही देव जाणे, पण स्विच मात्र चौघांनी सांगून बदलला नव्हता तो यांच्यासाठी बदलला.

आता माझ्या फजितीबद्दल. मला नोकरीला लागून चारपाच महिने झाले असतील. आमच्याकडे दुरुस्तीनंतर मशीन सुरू करण्याआधी तपासणीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. पहिल्यानं तपासायचं, सही करायची. दुसऱ्यानं पुन्हा नव्यानं, पहिल्यानं काही केलंच नाही असं धरून तपासायचं आणि मग सही करायची. एका पंपाचा कागद काकांनी माझ्या पुढ्यात ठेवला. त्यांची सही झालेली होती. म्हणाले, मी बघितलंय, तुझी सही राहिलीय. मी केली. आता तीस वर्षं काम केलेल्या माणसानं बघितलंय म्हटल्यावर मी काय वेगळं बघणार? मला तर वाटलं, त्यांच्यामागून जाऊन पुन्हा तपासणं म्हणजे त्यांचा अपमान.

काकांनी तो कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला आणि माझ्याच टेबलाखालच्या टोपलीत टाकला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, तू मला मान दिलास, आणि पंपाशेजारी उभं राहणाऱ्या माणसाला काय दिलंस? मग मला घेऊन पंपापाशी गेले. मी एकेक बोल्ट हातानं चाचपला. पंपात काहीही बिघाड नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला स्वतःचा राग करायला निमित्त मिळालं असतं. घरी येऊन मी रडले आणि नवऱ्याला सांगितलं की हा म्हातारा विक्षिप्त आहे, मी दुसरीकडे अर्ज करणार. अर्ज काही केला नाही.

बंदुकीची गोष्ट बसमध्येच सुरू झाली. कॉलेजात एनसीसीत मी नेमबाजीत बरी होते, असं मी कोणाला तरी सांगत होते. पुढच्या सीटवरून काकांची मान वळली. त्या शनिवारी ते मला त्यांच्या क्लबात घेऊन गेले.

या देशात बंदूक हा शब्दसुद्धा लोक जपून उच्चारतात. लायसन्स पोलिसांचं, त्यासाठी क्लबाचं पत्र, परीक्षा, मुलाखत, आणि इतकं सगळं होऊन बंदूक तुमच्या नावावर झाली तरी ती घरी येत नाही. क्लबाच्या शस्त्रागारात कुलपात राहते. आपण जायचं, सही करून घ्यायची, तिथेच मारायची, पुसायची, सही करून परत द्यायची. पुण्याहून माझी आई फोनवर म्हणाली, म्हणजे वस्तू तुमची आणि ठेवायची दुसऱ्याकडे, हे कसलं घेणं? मी काकांना सांगितलं तर ते खूप हसले. म्हणाले, आईला सांग, बँकेतल्या लॉकरमधला हार कोणाचा असतो?

मी तिथे पॉइंट टू टू या लहान रायफलीवर सुरुवात केली. तिचं काडतूस लहान, आणि टोला त्याच्या काठावर बसतो. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला टोला मधोमध बसतो, म्हणून तिला सेंटरफायर म्हणायचं. आवाज मोठा, खांद्याला धक्का मोठा, आणि क्लबात तिच्यासाठी परवानगीही वेगळी. त्या प्रकारातली काकांची एकच रायफल होती, आणि सबंध क्लबात तशी दुसरी नव्हती. चापाच्या खाली एक लोखंडी कडी असते, तिला लिव्हर म्हणतात. ती खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर घेतली की नवं आत. काका म्हणायचे, हिचं मला काय आवडतं सांगू, हिचं सगळं काम उघड्यावर चालतं, झाकपाक नाही.

ती त्यांनी वापरलेलीच घेतलेली. हा किस्सा मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की मी तिथे नव्हते असं मला वाटतच नाही. रायफल होती आंग मो किओ भागात राहणाऱ्या एका चिनी आजोबांची. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. हात थकले, म्हणून विकायला काढली. चार गिऱ्हाइकं आली. प्रत्येकानं लिव्हर खटाखट चालवून बघितली, लाकडावर हात फिरवला, वा वा केलं. आजोबांनी चौघांनाही नाही म्हणून सांगितलं. मग काका गेले. त्यांनी आधी बसायला खुर्ची मागितली.

स्क्रूंच्या खाचा भिंगातून बघितल्या, कारण अडाणी हात पडला असेल तर तो खाचेवर आधी दिसतो. लिव्हर इतक्या हळू चालवली की आजोबांना डुलकी लागायची वेळ आली. शेवटी नळीचं तोंड. या जातीच्या रायफलीत मागून नळीत सळई घालता येत नाही, साफ करायची तर तोंडाकडूनच, आणि वर्षानुवर्षं सळई घासून नेमकं तोंडच झिजतं. नेमबाजीचं सगळं तिथे. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श तिथे होतो. काकांनी दारू नसलेलं एक खोटं काडतूस उलटं धरून तोंडात घातलं. नळी झिजलेली असती तर ते जास्त आत गेलं असतं. ते जेमतेम टेकलं. काका म्हणाले, अंकल, हे तोंड नव्यासारखं आहे. तुम्ही सळईला काहीतरी लावत होता. ते कुठे आहे?

आजोबांनी खिशातून एक पितळी बुश काढली. अंगठ्याच्या पेराएवढी, मधे भोक, स्वतः लेथवर काढलेली. ती नळीच्या तोंडावर बसवायची आणि तिच्यातून सळई घालायची, म्हणजे सळई नळीला घासत नाही. चार गिऱ्हाइकांपैकी कोणीही ती मागितली नव्हती. आजोबांनी ती काकांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, आता रायफल तुझी. हे सांगताना काकांचा आवाज दर वेळी त्याच जागी चिरकायचा. पुढे वर्षभरात आजोबा गेले. काका त्यांना पोचवायलाही गेले होते.

त्या खोट्या काडतुसावर काकांनी सुईनं एक बारीक रेघ ओढून ठेवली. आज तोंडात इथपर्यंत जातं, ही नोंद. ते काडतूस त्यांनी प्लॅस्टिकच्या डबीत घालून रायफलीबरोबर ठेवून दिलं.

खंडेनवमीला आम्ही त्यांच्याकडे जायचो. इथली आपली माणसं त्या दिवशी लॅपटॉपला हळदकुंकू लावतात, गाडी असेल तर गाडीला. काकांच्या पाटावर टॉर्च, भिंग, फडकं आणि मधोमध ती पितळी बुश. रायफल घरी आणता येत नाही, म्हणून तिच्या वतीनं ही. काकू तिला गंधफूल वाहायच्या, काका खाली वाकून नमस्कार करायचे. माझ्या लेकीनं एकदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "आजोबा, दिस इज गॉड, ऑर मशीन पार्ट लाह?" काका म्हणाले, बेटा, हे एका माणसाचं काम आहे. नमस्कार कर. तिनं केला.

पुढे काही वर्षांनी काका निवृत्त झाले आणि पुण्याला परत जायचं ठरलं. सामान आवरणं चालू होतं. काकू म्हणाल्या, सगळं निघालं, एक रायफल तेवढी गळ्यात अडकलीय. ती पुण्याला नेता येणार नव्हती, आणि लायसन्स सोडण्याआधी ती क्लबातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर झाली नाही तर पोलिसांकडे जमा करावी लागणार होती. जमा झालेली बंदूक पुढे कापून टाकतात. काकांनी हे मला एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

मी तोवर सेंटरफायरची परवानगी मिळवलेली होती, माझी स्वतःची रायफल नव्हती. मला तीच हवी होती. इतकी हवी होती की मी रात्री नवऱ्याला उठवून सांगायची, आणि तो म्हणायचा, अगं, मग विचार ना त्यांना, मला काय सांगतेस. विचारलं. काका लगेच हो म्हणाले नाहीत. म्हणाले, शनिवारी ये, बघून घे.

शनिवारी शस्त्रागाराच्या बाहेरच्या खोलीत, टेबलावर फडकं अंथरून काकांनी रायफल ठेवली. शेजारी टॉर्च, भिंग, काडतुसाची डबी, बुश. पलीकडे क्लबाचा शस्त्रागार सांभाळणारा मलाय गृहस्थ फॉर्म घेऊन बसलेला. त्या फॉर्मवर एक रकाना असतो, वस्तूची स्थिती. विकणाऱ्यानं सही करायची, घेणाऱ्यानं तपासून सही करायची. काका म्हणाले, बघ. आणि मी, इतक्या वर्षांनी, इतकं सगळं शिकून, हात जोडून म्हटलं, "काका, तुमच्या हातची वस्तू मी काय तपासायची?"

मला खरंच तसं वाटत होतं. ज्या माणसानं मला तपासायला शिकवलं त्याच्या रायफलीवर टॉर्च मारायचा? आपल्यात कोणी असं करत नाही. मोठ्यांनी दिलेली वस्तू डोक्याला लावून घ्यायची, उलटसुलट करून बघायची नाही, हे आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेलं असतं.

काकांनी रायफल उचलली, शस्त्रागारवाल्याला दिली आणि परत दिल्याची सही केली. मला म्हणाले, तुला विकायची नाही. आणि एमआरटी स्टेशनाकडे चालू लागले. मी मागून गेले तर मागे वळूनही बघितलं नाही.

दोन आठवडे आमचं बोलणं नाही. काकूंचा फोन आला की हे जेवत नीट नाहीत, काय झालंय? मी सांगितलं. काकू म्हणाल्या, अगं, त्यांना वाटतंय तू कापायला पाठवलीस. मला हुंदकाच आला. कारण ते खरं होतं. जी तपासत नाही तिच्या हाती ती रायफल पाचदहा वर्षांत कापल्यासारखीच होणार होती, आणि हे काकांना माझ्याआधी दिसलं होतं.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, शनिवारी मला रायफल बघायचीय, आणि वेळ लागणार आहे, तर तुम्ही खाऊन या. पलीकडून ते एवढंच म्हणाले, खुर्ची लागेल ना?

त्या शनिवारी मी काहीच सोडलं नाही. स्क्रू, लिव्हर, लाकूड, मागचा भाग, सगळं हातानं. काका भिंतीला टेकून बसले होते आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते. सव्वा तास झाला तेव्हा मी डबी उघडली, खोटं काडतूस काढलं आणि नळीच्या तोंडात घातलं. काकांची सुईची रेघ दिसेना. मला वाटलं माझा हात तिरका आहे. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा शस्त्रागारवाल्याला टॉर्च धरायला लावून घातलं. रेघ दर वेळी आत जात होती. सुतापेक्षा कमी, पण आत.

मी कापसाची काडी घेतली आणि तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर ओढत फिरवली. तीन बाजूंनी गुळगुळीत. खालच्या बाजूला कापूस अडकला. एक बारीक धागा लोखंडाला चिकटून राहिला.

तोंड झिजलं होतं, एका बाजूला झिजलं होतं, आणि गेली सगळी वर्षं ही रायफल काकांखेरीज कोणी साफ केलेली नव्हती. खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं की गप्प बसावं. दोन आठवड्यांनी त्यांचं विमान आहे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कशाला त्यांच्या पदरात हे टाकायचं? मग मी टेबलावरची बुश उचलली, टॉर्चपुढे धरली, आणि सगळं लक्षात आलं. तिचं भोक गोल राहिलेलं नव्हतं. सळईनं ते एका बाजूला खाल्लं होतं, लांबट झालं होतं. सळई तिथून कलत होती आणि नळीला घासत होती.

"काका," मी म्हटलं, "तोंड खालच्या बाजूला झिजलंय. आणि कारण ही बुश आहे."

काका उठले. भिंग लावून नळीचं तोंड बघितलं, आणि त्यांना काही दिसलं नाही. ते कबूल करायला त्यांना कष्ट पडले नाहीत, ते मला आवडलं. म्हणाले, दिसत नाही मला, काडी दे. मी कापसाची नवी काडी दिली. त्यांनी ती डोळे मिटून फिरवली, आणि खालच्या बाजूला त्यांचा हात थांबला. मग बुश करंगळीवर घालून फिरवत राहिले.

"ही मी कधी मोजलीच नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदा नाही. ही आहे म्हणून ते काडतूसही पुन्हा घालून बघितलं नाही. आजोबांनी दिलेली. मी हिची पूजा करत होतो."

माझ्या टोपलीत गेलेला तो फाटका कागद आम्हा दोघांनाही आठवत असणार. शस्त्रागारवाल्यानं सांगितलं की फार नाही, तोंड जरासं कापून पुन्हा घडवलं की नव्यासारखी मारेल, आणि नवी बुश कोणीही काढून देईल. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी हीच घेणार आहे. मग फॉर्म ओढला. त्या रकान्यात लोक एकच शब्द लिहितात, उत्तम. मी नऊ ओळी लिहिल्या. नळीचं तोंड, कोणत्या बाजूला, रेघ किती आत जाते, बुशचं भोक लांबट, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणे. खाली सही केली आणि कागद काकांकडे सरकवला.

काकांनी तो वाचला नाही. हातात पेन होतं, डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की जे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. शस्त्रागारवाल्याला ते इंग्रजीत म्हणाले की हिनं लिहिलंय म्हणजे बघायला नको. आणि पेन सहीच्या जागी टेकवलं.

मी कागदावर हात ठेवला.

"बघून करा, काका. तुमची दुसरी सही आहे."

मला वाटलं, आता पुन्हा रायफल परत देतील आणि चालू लागतील. पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं, बाही वर सारली, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. नऊच्या नऊ ओळी, हातानं. त्याला पन्नास मिनिटं लागली. सहाव्या ओळीत माझी एक चूक निघाली, स्क्रूचा नंबर मी उलटा लिहिला होता. तो त्यांनी माझ्याकडून खोडून घेतला, शेजारी माझी छोटी सही घेतली, आणि मग खाली आपली केली.

फॉर्म जमा करून मी बाहेर आले तर काका पायऱ्यांवर उभे राहून काकूंशी फोनवर बोलत होते. पाठमोरे होते, मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याकडे पोरांचा निकाल लागला की वडील ज्या आवाजात शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतात, तो आवाज.

"अगं, ऐकतेस का," ते म्हणत होते, "पोरीनं माझी सही अडवली."